नुसता हात ठेवते

प्रिय अक्का,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि आज मी सुशीच्या जुन्या वहीची पानं फाडून तुला लिहायला बसले आहे. तुझी सुशी माहेरी आली आहे गं. लग्नाला वर्ष होत नाही तोवर लोणंदहून तिच्या सासऱ्यांचं पत्र आलं. मुलगी कामाला जड आहे, सकाळी उठत नाही, सारखं अंग दुखतं म्हणते. तुझे मालक, आमचे भाऊजी, आता फौजेच्या पेन्शनवर घरीच असतात. उद्या सकाळच्या एसटीनं ते तिला परत नेऊन घालणार आहेत. काल जेवताना आत्याबाई सासूच्या ठसक्यात म्हणाल्या, "आईचंच सोंग लेकीनं उचललंय." भाऊजींनी मान हलवली. आणि मी, तुझी धाकटी जाऊ, सगळ्यांना आमटी वाढत राहिले.

सोंग हा शब्द या घरात कायमचा कुणी बसवला, हे तुला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

आठवतं ना, मी पायाळू म्हणून सून होऊन आले तेव्हाच गावात गाजावाजा झाला होता? जन्मताना पाय आधी आलेल्या माणसानं पाय लावला की पाठीतली उसण जाते म्हणतात. आळीतल्या बाया आमच्या सोप्यात येऊन पालथ्या पडायच्या आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावायची. तुझं दुखणं वाढलं तेव्हा आत्याबाईंनी मला तुझ्यासाठीही तेच करायला सांगितलं. थोरल्या जावेला पाय कसा लावायचा? मी कचरले, तर तूच म्हणालीस, "लाव गं, मी काय देव न्हाई." तीन दिवस लावला. गुण आला नाही. पायाळूच्या पायानं जात नाही म्हणजे ही उसण नव्हेच, असं घरात ठरलं. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं ठणठणीत निघाली. मग दुखत होतं ते काय?

"सुमे, झोपून उठलं तरी दमल्यावाणी वाटतंय गं," असं तू सांगायचीस. ते फक्त मलाच सांगायचीस.

मग मी तुला हात लावला. माझं माहेर म्हसवडकडचं. शेजारी एक मेंढपाळाची म्हातारी होती, ती दमल्याभागल्या बायांच्या अंगावरून हात फिरवायची. रगडायचं नाही, चोळायचं नाही. हात चुलीवर शेकून, करडईचं तेल लावून, मानेखाली नुसता ठेवायचा आणि त्या माणसाचा श्वास खाली उतरेपर्यंत हलवायचा नाही. लहानपणी बघून बघून मला ते आलं होतं. पहिल्या दुपारी माझ्या तळव्याखाली तुझे खांदे दगडासारखे लागले. मग हळूहळू आतून काहीतरी थरथरलं आणि तू रडायला लागलीस. दुखतंय म्हणून नव्हे. किती दिवसांनी सुटलं म्हणालीस आणि तिथेच झोपलीस.

महिनाभर दर दुपारी आपलं चाललं होतं. तुझ्या तोंडावर जरा तजेला आला. दोन भाकरी खायला लागलीस, एकदा तर भांगलणीच्या बायांची नक्कल करून मला हसवलंस. खरं सांगू? माझ्या हाताला गुण आहे म्हणून मी आतून फुगले होते.

पण त्याच महिन्यात मी चिडतही होते, अक्का. तू पडून असायचीस आणि चार म्हशींचं शेणघाण, धारा, ऊसतोडकऱ्यांच्या भाकरी सगळं माझ्या गळ्यात. वर दुपारी तुलाच हात लावायचा. त्यात माझा बाळू तापानं फणफणलेला. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तू ऐकून घेतलं असतंस, माझी खात्री आहे. मी मनात ठेवलं.

तेवढ्यात लढाई संपली आणि भाऊजी रजेवर आले. थोरल्या दिरासमोर आपण बोलत नाही, त्यामुळे त्यांनी आईला विचारलं आणि आत्याबाईंनी मला. मी सैपाकघराच्या दाराआड उभी होते. तू सोप्यात वाकळेला टाके घालत होतीस. रोज दुपारी तू थोरलीला करतीस तरी काय, असं आत्याबाईंनी विचारलं.

"काय न्हाई आत्याबाई. नुसता हात ठेवते. जोर बी लावत न्हाई."

एवढंच बोलले मी. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तुझी मान हाताला कशी लागते, हात ठेवल्यावर अंग कसं थरथरतं, हंडा उचलताना तुझी बोटं कशी सुटतात, हे सगळं मला ठाऊक होतं आणि ते मी गिळलं. आपल्याकडे दुखणं खरं असलं की ते कडक औषधानं, सुईनं, डागण्यानं जातं. नुसत्या हातानं जातं ते दुखणं कसलं? मला माहीत होतं सगळे हेच म्हणणार. म्हणूनच मी तसं बोलले गं. भाऊजी हसले. फौजेत असली दुखणी पहाटे पळायला लावलं की जातात, म्हणाले. तू दाराकडे एकदा बघितलंस आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन तू मळ्यात गेलीस. दुपारी मी तेल घेऊन आले तर म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तुझ्या हाताला कामं लय हायती." रागावलीसही नाहीस. का नाही रागावलीस? चार शिव्या घातल्या असत्यास तर मी तेव्हाच भाऊजींपुढे जाऊन उभी राहिले असते, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटंच असेल.

त्यानंतरची पाच वर्षं तू कुणाला काही दुखतं म्हणून सांगितलं नाहीस. शेवटचा ताप सुद्धा चार दिवस अंगावर काढलास. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथले डॉक्टर विचारत होते, बाई आधी काही बोलल्या नाहीत का? कशाला बोलशील तू? तुझं बोलणं खोटं ठरवायला मीच पुरले होते.

आज दुपारी सुशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या मानेखाली हात घातला. तुझेच खांदे, अक्का. अठरा वर्षांच्या पोरीला तुझे खांदे. तिनं विचारलं, "काकी, आईचं दुखणं खरं व्हतं?"

खरं होतं, मी म्हणाले.

"मग तू तवा का न्हाई सांगितलंस?"

मी तिचं डोकं उशीवर ठेवलं आणि तिची जुनी वही काढून लिहायला बसले.

भाऊजी आष्ट्याच्या बाजारातून तिन्हीसांजेला येतील. आल्यावर मी सोप्यात त्यांच्यापुढे जाऊन उभी राहणार आहे आणि मी काय गिळलं ते आत्याबाईंच्या देखत सांगणार आहे. चिडून तसं बोलले, हेही सांगणार आहे. आपल्या बायकोला आपण पाच वर्षं खोटं समजलो, हे ऐकून त्यांना रात्रीचा घास जाणार नाही. पण त्यांच्या घासाची काळजी करत बसले तर पोर उद्या एसटीत बसेल. सुशीची सासरची वाट मी मोडू शकत नाही, पण अंग सावरेपर्यंत ती इथं राहील आणि तिच्या दुखण्याला सोंग म्हणणाऱ्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. हे तुला वचन.

तुझी माफी मात्र मागत नाही. तू ती लगेच देऊन टाकशील, मला माहीत आहे. आधी पोरीला तरी माझं तोंड बघावंसं वाटू दे.

तुझी धाकटी,
सुमन