मार्चचा तुकडा

९ जून

चि. ठमीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खोकला कसा आहे ते पत्रानेच कळव. फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस, मग नुसत्या धापा टाकतेस, आणि वर म्हणतेस, "अगं, आत्ताच जिना चढून आले." तळमजल्यावर राहणाऱ्या बाईने निदान दुसरी काहीतरी थाप मारावी.

काल त्या दक्षिण ध्रुवाकडच्या बोटीच्या सहलीवाल्यांच्या ऑफिसात जाऊन आले. समोर केसांना कलप लावलेला गृहस्थ, टायवर पेंग्विन छापलेले. म्हणाला, "मॅडम, कोणता सीझन चांगला, हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर अवलंबून आहे." मी म्हटलं, "बर्फ." तो हसला. मी हसले नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी रिलॅक्स व्हा." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेल्या सुपरवायझरला हा मनुष्य रिलॅक्स व्हायला सांगतो! शेवटी मी त्याच्या टेबलावरचा सहलींच्या महिन्यांचा तक्ता माझ्याकडे फिरवून घेतला आणि स्वतःच वाचला.

तर आता आपला नेहमीचा नियम. मी कापते, तू निवड. बोर्डिंगात सिस्टरनी दोघींत केकचा एकच तुकडा दिला होता, तेव्हापासून सगळं असंच चाललंय. आईची लुगडीसुद्धा मी दोन ढिगांत लावली आणि तू ढीग उचललास. तीन तुकडे करते.

पहिला, नोव्हेंबर. हंगामाची सुरुवात. बर्फ कोरा करकरीत, कोणाचा पाय न लागलेला. पेंग्विनांची घरटी बांधायची लगबग, आणि त्यासाठी ते एकमेकांचे खडे चोरतात. तुझ्या शिवणवर्गातल्या बायका बटणं चोरायच्या ना, तसे. हिमनग अगदी भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखे. डॉर्मिटरीत चादरीखाली बॅटरी धरून आपण बघायचो, तोच हिमनग समज.

दुसरा, डिसेंबरअखेर ते जानेवारी. पिल्लं असतात. सूर्य म्हणे जवळजवळ मावळतच नाही. तुला दिव्याच्या उजेडात झोप येत नाही, तिथे काय येणार? शिवाय गर्दी.

तिसरा, फेब्रुवारी संपता संपता, मार्च. देवमासे दिसतात म्हणतात. दिसतीलही. पण बर्फ मळलेला, किनाऱ्यावर चिखल, पेंग्विनांच्या घाणीचा वास बोटीपर्यंत येतो, आणि परतीचा समुद्र खवळलेला. तुला तळ्यातल्या होडीत उलट्या झाल्या होत्या.

झाले तीन सारखे तुकडे. सावकाश निवड, पण या आठवड्यात कळव. आणि निवडल्यावर जपून ठेवत बसू नकोस. केकचा तुकडा तू उशाखाली ठेवायचीस आणि मुंग्या माझ्या गादीत यायच्या, हे मी अजून विसरलेले नाही. आधी माझी रिटायरमेंट, मग तुझा वर्ग, मग तुझे गुडघे. किती वेळा पुढे ढकललं!

तुझी लेक परवा येऊन गेली. तुझे रिपोर्ट ठीक आहेत म्हणाली. चहा घेतला नाही. मग उठून माझ्या सिंकमधली भांडी घासत बसली, माझ्याकडे पाठ करून. घासलेलीच होती.

औषधं वेळेवर घे.

तुझी,
ताई


२४ जून

चि. ठमे,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. कार्डावर एकच शब्द लिहायची ही कुठली रीत? "मार्च." पुढे ना मायना, ना सही. तार तरी जरा मोठी असायची.

मी मुद्दाम एवढं सविस्तर लिहिलं, ते वाचलंस का? मळलेला बर्फ बघायला पृथ्वीच्या तळापर्यंत जायचं? आणि देवमासा म्हणजे काय, पाण्यातून वर आलेली एक पाठ. पाठ बघायची तर हल्ली तुझ्या लेकीची बघते मी, माझ्याकडे आली की.

तुझं कायम हेच. कोपऱ्यातलं, कडेचं, शेवटचं उचलायचं. लग्नात पंगतीलाही तू शेवटच्या पाटावर. या खेपेला जरा पहिल्या रांगेत बस की!

आणि माझा विचार कर. माझा डावा पाय आत्ताच कुरकुरतो. मार्चपर्यंत तो बोटीची शिडी चढेल याची मला खात्री नाही. म्हातारपणी महिनेसुद्धा मोजून वापरावेत. मी माझ्या पायाबद्दल बोलते आहे, दुसरं काही नाही.

परत कलपवाल्याकडे गेले होते. नोव्हेंबरच्या दोन जागा धरून ठेव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या सिस्टर तर मार्च म्हणाल्या ना?" म्हणजे तू त्याला परस्पर फोन केलास! धापा टाकत केलास की जिना चढून?

तुझ्या लेकीला फोनवर म्हटलं, "तू समजाव तिला." तर म्हणते, "मावशी, आईला हवं ते करू दे ना आता." हा "आता" मला अजिबात आवडला नाही. मी तिला तसं सांगितलं.  मग तिने कुकरचं निमित्त सांगून फोन ठेवला.

दुसऱ्यांदा कापत नसतात, पण मी कापते. नोव्हेंबर की नोव्हेंबर? निवड.

ताई


८ जुलै

ठमे,

तुझं पत्र आलं. जिन्यातल्या पेटीपाशीच उभी राहून वाचलं. वरची बाई पिशव्या घेऊन येत होती, म्हणाली, "बसता का जरा?" मी तिच्यावर खेकसले. नंतर पायरीवर बसलेच.

तू लिहितेस, "ताई, उभ्या आयुष्यात तू इतकं सरळ कापलंस की निवडण्यात मला कधी मजा आली नाही. मी कापड कापायला शिकवायचे, पण तुझ्यासारखा हात माझा नव्हता. या वेळी नोव्हेंबरचा तुकडा ढळढळीत मोठा दिसला आणि समजलं. लेक डॉक्टरांशी बोलताना दार लावून घ्यायची, तेव्हा नुसता संशय होता. तुझं पत्र वाचलं आणि खात्री झाली."

म्हणजे तुला मीच सांगितलं. तुझ्या लेकीने शपथ घातली होती, "मावशी, आईला कळू देऊ नकोस, ती हाय खाईल. डॉक्टर फार लांबचं काही बोलत नाहीत." मी शपथ पाळली. एक अक्षर लिहिलं नाही. लोकांच्या नुसत्या "हॅलो"वरून त्यांचं खोटं ओळखणारी मी, आणि स्वतः खोटं बोलायला गेले तर पेंग्विनच्या घाणीत पाय घसरला.

आणि आता तू लिहितेस, "मला कळलंय हे लेकीला कळू देऊ नकोस, ती कोलमडेल." वा! एक्स्चेंजमध्ये दोन्ही बाजूंच्या लाइनी माझ्याच हातात असायच्या. पण तिथे मध्ये बोलायची बंदी होती. ती बंदी किती बरी होती, हे मला आत्ता कळतंय. तुम्ही दोघी मायलेकी एकाच घरात एकमेकींना सांभाळत बसा, आणि मी इथे बसून दोघींना "सगळं ठीक" म्हणत राहते.

मला राग आलाय. कोणाचा ते ठरत नाही. काल औषधांच्या दुकानात मी माझ्या गोळ्यांसाठी रांग मोडली आणि कोणी हटकलं नाही, त्याचाही राग आला.

मार्च का, ते तू शेवटी लिहिलंस. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. "नोव्हेंबरचं तिकीट काढलंस तर माझ्याजवळ नोव्हेंबरपर्यंतचंच काहीतरी राहील. आणि नोव्हेंबरात मला कोणी बोटीवर चढू देणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मार्चचं काढ. मी रोज थोडंथोडं बघेन. तुला तुकडा खाल्ल्याशिवाय राहवायचं नाही. मला तो उशाखाली आहे एवढ्यानेच झोप लागायची."

यावर मी भांडू कशी? तूच सांग. आजवर तुझ्याशी भांडायला मला मुद्दा लागला नाही. आज मुद्दा शोधते आहे आणि सापडत नाही.

आज सकाळी कलपवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, या वयात दोन्ही पॅसेंजर्सना डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल." मी विचारलं, "कधीपर्यंत?" म्हणाला, "निघायच्या आधी दिलंत तरी चालेल." मग मान खाली घालून तक्त्यावरची धूळ झटकू लागला. त्याला कोणी काही सांगितलं नसावं, पण त्याने काही विचारलंही नाही. माणूस मी समजले होते तितका वाईट नाही. टाय मात्र भयंकरच आहे.

मार्चची केबिन घेतली. दोघींची. खिडकीकडची गादी तुझ्या नावावर लावून घेतली. त्याने तसं लिहिलेलं मी वाचून बघितलं, मगच उठले. बोटीचं चित्र सोबत पाठवते. आपली खिडकी डावीकडून चौथी, मी पेन्सिलने खूण केली आहे. लेकीने बघितलं तरी हरकत नाही, तिला वाटेल तू खुशीत आहेस.

पुढच्या आठवड्यात मी तिकडे राहायला येते आहे. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस. लेकीला सांग, ताईचा पाय दुखतो, तिला एकटीला जमत नाही. हे खोटं तरी मला नीट निभावता येईल, कारण पाय खरंच दुखतो.

चित्र उशाखाली ठेव. या वेळी मुंग्या आल्या तरी मी काही बोलणार नाही.

तुझी, शेवटी एकदा वाकडं कापणारी,
ताई