बर्फावरून निघालेली खानावळ

३ मे १८८३
माझी खानावळ उभी राहिली! गावातलं पाचवं घर. गावाचं नाव नीव्हिक ठेवलंय, पण वाटसरू 'गुनहिल्डबाईंकडे' म्हणूनच विचारत येतात. दुकानदार आस्लाक जळतो. जळू दे.

१९ जून १८८५
आगगाडी आमच्याच गावावरून जाणार म्हणे! घरं चाळीसेक झाली. चर्च अजून नाही, बँड मात्र आहे. स्टेशन होणार त्या गवतात सगळे नाचलो. लोहार टॉर्स्टाइन माझ्या पायांवरच नाचला. वर मलाच म्हणतो, "तुमचे पाय मधे येतात, बाई." नवरा गेल्यापासून एवढी हसले नव्हते.

२ नोव्हेंबर १८८६
रूळ आठ मैल दक्षिणेकडून गेले. पीठ मळता मळता रडले.
आस्लाक म्हणाला, "रूळ येत नाहीत, तर आपण जाऊ. जमीन गोठली की घरं ओंडक्यांवर चढवायची आणि बैल जुंपायचे." वेडाच आहे. पण सगळ्यांना पटलं.
टॉर्स्टाइनला सोडून. "रुळामागे धावायला मी काय वासरू आहे?"

१४ जानेवारी १८८७
काय मजा! आस्लाकचं दुकान बर्फावरून सरकतंय आणि हा आत उभा राहून साखर विकतोय. मी सगळ्यांत शेवटी निघणार – घरं ओढणाऱ्यांना जेवायला कोण घालेल? टॉर्स्टाइन सगळ्यांच्या साखळ्या दुरुस्त करतो, माझ्याकडे पोटभर जेवतो, आणि येणार नाही म्हणतो. एकदा विचारलं. पुन्हा नाही विचारणार, मलाही मान आहे. पण त्याच्याशिवाय त्या नव्या गावात माझं मन रमायचं नाही.

११ मार्च
निघाले! घर डुलतंय, चूल पेटलेली, आत पाव भाजतोय. टॉर्स्टाइन भात्यापाशी उभा होता. हातसुद्धा हलवला नाही. गाढव कुठला.

१३ मार्च
आणखी थोडं आधी निघायला हवं होतं. ऊन तापलं, बर्फ वितळलं, अर्ध्या वाटेत घर चिखलात रुतलं. "आता पुढल्या हिवाळ्यापर्यंत इथंच, वहिनी," म्हणत आस्लाकने बैल सोडले. चल म्हणाला, पण घर टाकून कुठं जाऊ? मागे गाव नाही, पुढे रूळ दिसत नाहीत. डबक्यातलं पाणी गाळून कॉफी केली. बेक्कार! एकटीच हसत बसले.

१६ मार्च
टॉर्स्टाइन आला. कमरेपर्यंत चिखल, गाडीवर ऐरण. पाव खाऊन झाल्यावर म्हणाला, "कुदळ आणलीय. विहीर कुठं खणू?"