दोन कोअर जास्त

देवव्रत,

कॉम्प्युटर मी बिघडवला नव्हता. आज रिक्षात घालून बोरिवलीच्या दुकानात नेला. तिथल्या माणसाने तो उघडलासुद्धा नाही. प्रोसेसरचं खोकं बघूनच म्हणाला, "ताई, याच्यात ग्राफिक्स नाहीये. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही."

त्याच भावात दोन कोअर जास्त मिळतायत म्हणून तूच हा निवडलास. "मग दोन जास्त असून भाव तोच कसा रे?" असं मी विचारलंही होतं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणालास. रविवारी पंखा फिरला, स्क्रीन काळीच राहिली, आणि पुसताना मीच काहीतरी हलवलं असं तू ठरवून टाकलंस.

दुकानदार हा बदलून सहा कोअरवाला द्यायला तयार आहे. त्यात ग्राफिक्स आहे, तुझं एडिटिंगही होईल म्हणाला. खोकं टेबलावर ठेवलंय. तूच जा.

कुकरमध्ये भात आहे. मी चेंबूरला आईकडे चाललेय. डोळ्याची सूज अजून उतरली नाहीये, त्यामुळे ती विचारणारच. या वेळी बाथरूममध्ये घसरले असं सांगणार नाही.

नीलम