जवळ्याचा डबा

भोगी, संध्याकाळ. घाटकोपर.

विहीणबाईंची, म्हणजे सुनेच्या आईची, हाडं तपासली, ती ठिसूळ निघाली. मला त्याचा आनंद नाही. थोडा आहे, खोटं कशाला लिहू. पण खरी खुशी वेगळीच.

तीन वर्षांपूर्वी पार्ल्याहून येऊन बाईंनी नाक धरलं होतं. "अहो, पोरीला हे असलं वासाचं काय भरवता?" स्वतः पापलेट खाणार, तेही काटे काढून! झालं, माझा सुक्या जवळ्याचा डबा गेला बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे. मिनीला, माझ्या नातीला, आजीची नाचणीची भाकरीपण बंद. पोर बिस्किटांवर वाढतेय.

आज डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते सुनेनेच येऊन सांगितलं. "नाचणी, तीळ खा म्हणाल्या. बारीक मासे काट्यासकट. रोज उन्हात चाला. आणि आई, हाडं लहानपणीच भरतात म्हणे, मिनीकडे आत्तापासून बघायला सांगितलंय."

मी चौथी शिकलेली, मला कोण विचारतंय! एवढंच म्हटलं, "घरात वास येईल हो शलाका."

तिने स्वतःच वाकून तो डबा काढला, पुसला, ओट्यावर ठेवला. किती वेळा जाऊन बघून आले मी.

परवा किंक्रांत, आमच्यात मासे चालतात. विहीणबाईंना जेवायला बोलावलंय. जवळ्याची चटणी, मांदेली काट्यासकट, नाचणीची भाकरी. नाक धरू दे, जेवायला एक हात पुरतो. आणि वाढायला मी नाही, मिनीला उभी करणार.