कोक-साजच्या कुरणाला मी लावलेली कडी

नारीन, शनिवार

आदरणीय मामा,

छातीवर हात ठेवून एर्मेकचा सलाम. जनावरं आणि माणसं (आपल्याकडे विचारतात त्याच क्रमाने) खुशाल असतील, मेंढ्यांनी हिवाळा सोसला असेल, पांढरी घोडी व्यायली असेल आणि मामींचे गुडघे थंडी सरल्यावर जरा वळत असतील, अशी आशा आहे. मी बरा आहे. खरं सांगायचं तर काल दुपारपासून बरा आहे. त्याआधी कसा होतो ते विचारू नका. फोन करता आला असता, पण फोन तुम्ही मध्येच ठेवून देता. पत्र मामी मोठ्याने वाचतात आणि त्यांना थांबवायची तुमची छाती नाही, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे.

आधी गोड बातमी. कोक-साजचं कुरण या उन्हाळ्यालाही तुमचंच. कुरण-समितीच्या यंत्रावर, म्हणजे संगणकावर, तुमचं नाव चढलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे भिंतीला टेकून खाली बसलो. हुश्श! आता तुम्हा लोकांचा समज असा की यंत्र दोन दिवस आजारी होतं. यंत्राला काही धाड भरली नव्हती, मामा. यंत्राच्या पहारेकऱ्याने तुम्हाला दाराबाहेर ठेवलं होतं. हा पहारेकरी कोण ते नीट सांगतो, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते ठरवायला सोपं जाईल.

गेल्या सालापर्यंत कुरणं तोंडी वाटली जायची आणि दर साली कुणाचं तरी डोकं फुटायचं. म्हणून आमचे अध्यक्ष अब्दराशित यांनी फर्मान काढलं, की नावं आपापल्या फोनवरून यंत्रावरच चढवायची, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, आणि हाताने एकही नाव लिहायचं नाही, मग तो सख्खा सासरा का असेना. यंत्र सांभाळायला मला नेमलं. पण जगभरचे भामटे रिकामटेकडे. रोज हजारदा येऊन कुलूप खडखडवून बघतात. (आमच्या मेंढ्यांच्या याद्या चोरून त्यांना काय करायचंय, देव जाणे.) म्हणून मी फायरवॉल बसवली, तोच हा पहारेकरी. दार ठोठावणाऱ्या प्रत्येक फोनला आकड्यांचा एक पत्ता असतो. फायरवॉल नुकत्याच येऊन गेलेल्या पत्त्यांची यादी ठेवते. एका मिनिटात एकाच पत्त्यावरून चारपेक्षा जास्त वेळा ठोठावलं, की त्याला तासभर दार बंद. त्या तासात परत ठोठावलं, की तास पुन्हा पहिल्यापासून. आणि बंद म्हणजे आतून ‘कोण आहे’ असंसुद्धा विचारायचं नाही, चिडीचूप. (ही अक्कल माझीच. भामट्याला वाटावं घरात कुणी नाही. आपल्या माणसांना दारातून उत्तर न मिळणं म्हणजे केवढा अपमान, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.)

आता आपल्या गावाला टेकडीवर फोनचा एकुलता एक मनोरा. त्यातून गावातले सगळे फोन बाहेर पडतात ते एकाच पत्त्याने. बुधवारी सकाळी सहा-सात जणांनी एकदम ठोठावलं आणि दार बंद झालं. दुसरं गाव असतं तर चहा पिऊन तासाभराने परत आलं असतं. पण आपलं गाव! तुमचं नाव चढत नाही म्हटल्यावर तुम्ही अशर केला! घराची भिंत उभी करायला किंवा गवत कापायला जसा गाव जमतो, तसा तुमच्या नावासाठी जमला. एक्केचाळीस फोन, मामा! न्हाव्यापासून हेडमास्तरीणबाईंपर्यंत सगळे तुमचं नाव भरताहेत, आणि प्रत्येक बोटागणिक माझा तास नव्याने सुरू होतोय. गावाचं तुमच्यावर जरा कमी प्रेम असतं, तर दार बुधवारीच उघडलं असतं.

गुरुवारी मी यादी पाहिली तर एकाच पत्त्यावरून नऊशे सत्तर ठोके. आधी घाम फुटला, मग छाती फुगली. धावत जाऊन अध्यक्षांना सांगितलं, परदेशी दरोडेखोर पकडलाय. त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. त्या भरात मी तो पत्ता हाताने कायमच्या बंदीत टाकला. शुक्रवारी सकाळी आठला आईचा फोन. “मेल्या, माझा भाऊ दोन दिवस तुझ्या दारात उभा आहे आणि तू आतून कडी लावून बसलास?” मामा, तेव्हा कळलं, माझा दरोडेखोर म्हणजे आपलंच गाव. कोक-साज गेलं असतं तर तुम्हाला वरच्या खडकाळ कुरणावर जावं लागलं असतं, जिथे पाण्यासाठी अर्धा दिवस चालायचं आणि जिथे गेल्या साली लोकांच्या घोड्यांचं दूध आटलं. आणि ते माझ्यामुळे! माझे लहानपणीचे सगळे उन्हाळे तुमच्या कोक-साजला गेलेत. मला रडूच यायला लागलं.

यंत्र असतं कोचकोरच्या वाचनालयात, मी नारीनला, मध्ये डोलोन घाट. इथूनच बंदी उठवायला गेलो तर घाईत परवलीचा शब्द पाचदा चुकला. पहारेकरी भलताच इमानी. त्याने मलाच हाकललं. अध्यक्षांच्या हातापाया पडलो, एवढं एक नाव हाताने लिहा. ते म्हणाले, “सासऱ्याला सोडलं नाही, तिथे मामा कोण?” मग मिळेल त्या गाडीत घुसलो आणि सव्वाअकराला कोचकोर गाठलं. वाचनालयाची किल्ली कालिचा आजींकडे. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि रोटी पुढे केली. तुकडा मोडला, म्हटलं, किल्ली. “साय नाही लावलीस.” साय लावली. मग चहा, मानाच्या पाहुण्याला देतात तसा तळाशी घोटभर, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. मी जीव खाऊन म्हटलं, आजी, वाटी एकदाच भरून द्या! झालं. आजींचे डोळे भरले. “भरून द्यायला मी तुला घालवून देतेय का रे?” त्यांची समजूत काढण्यात आणखी तीन वाट्या गेल्या. पावणेबाराला किल्ली मिळाली. बंदी उठवली, आईला फोन केला की फक्त मामा, एकच बोट, एकदाच. अकरा बावन्नला तुमचं नाव चढलं.

तेव्हा ज्याने कडी लावली तो मीच, आणि ज्याने काढली तोही मीच; दोन्ही जमेस धरावं. गावातले तंटे सोडवणाऱ्या थोरल्या पंचांसमोर मी सगळं कबूल केलं. त्यांनी जुना दंड सांगितला: एक घोडा आणि एक अंगरखा, ज्याचा अपमान झाला त्याला, उद्या रविवारी गावात चारचौघांत. तो भरला की नोकरी शाबूत. मी लगेच मान डोलावली. रात्री पोटभर जेवलो आणि मेल्यासारखा झोपलो.

मामींना आणि मुलांना माझा सलाम सांगा.

तुमचाच भाचा,
एर्मेक

ता. क. अंगरख्याची सोय झाली. माझ्या लग्नातला आहे, तुम्हाला पोटावर जरा घट्ट होईल.

ता. क. घोडा माझ्याकडे नाही. पण भाच्याने मामाच्या गोठ्यातून हवं ते न्यावं आणि मामाने हूं की चूं करू नये, ही तर आपली रीतच. (‘एक भाचा येण्यापेक्षा सात लांडगे परवडले’ असं तुम्हीच म्हणता.) मी उद्या पहाटे मागच्या बाजूने येऊन एक घोडा सोडवून नेईन, टेकडीला वळसा घालून पुढच्या बाजूने येईन आणि सगळ्यांदेखत तुम्हालाच देईन. तुमचा घोडा तुमच्याकडे, माझी नोकरी माझ्याकडे.

ता. क. गावाकडे निघालेल्या गाडीवाल्याला देण्यासाठी पाकीट बंद करताना निरोप आला. पंच म्हणतात, अपमान एकट्या मामाचा नाही, सगळ्या गावाचा झाला. तेव्हा घोडा कापून सगळ्या गावाने खायचा. म्हणून तुमचा लाडका तांबडा आतल्या बाजूला बांधून ठेवा. पण अगदीच म्हातारा पुढे ठेवू नका, मलाही पंगतीला बसायचंय.