पट्ट्याला लावलेला साबण

सोमवार, १३ फेब्रुवारी १९९५, शेळगाव

काल लिहिलं की गाडीचा किंचाळणारा आवाज मी बंद केला. ते खरं नाही. फॅनच्या पट्ट्याला साबण घासला, आवाज नुसता दबला.

आज संध्याकाळी इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरलं. रेडिएटरखाली कोरडं, वॉटर पंपाखाली भिजलेलं. इंजिन बंद असताना पंपाच्याच दांड्यावर बसलेला फॅन धरून हलवला, तर पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला. म्हणजे पंपच जातोय, त्याच्यावर पट्टा घसरून किंचाळत होता. आणि मी साबण लावून बसले!

तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आवाज न्हाय, मग काय झालंय गाडीला? पाणी वतायचं आन् जायचं. लई शंका तुला, मास्तरीणबाई." लहानपणी मला अक्षरं शिकवताना हेच तात्या म्हणायचे, आधी नीट बघ, मग बोल. मी बघितलंय की!

वहिनीला नववा लागलाय. बारामतीच्या दवाखान्यात याच गाडीने न्यायचंय. वाटेत पंप गेला तर?

पट्ट्यावरचा साबण पुसून गाडी चालू केली. किंचाळलीच. तात्या धावत बाहेर आले, "आता काय केलंस गं?"

"साबण काढला."

तात्यांनी वाकून पंपाखालचं भिजलेलं वर्तमानपत्र बघितलं.

परवा, बुधवारी, पहिल्या एसटीने इंदापूरला जाऊन मिस्त्रीला घेऊन येणार. तोवर साबणाला हात लावणार नाही.