निबंधात कोन मरते?

१० ऑक्टो. ८७, शनि. चंद्रपूर, होस्टेल
निबंध परत मिळाला. 'माझ्या आयुष्यातील आनंदाचा क्षण'. सरांनी खाली लाल शाईत लिहिलंय, "अक्षर छान. यात तू कुठे आहेस?" बरोबर आहे. माझ्या आनंदाच्या क्षणात समुद्रकिनारा होता. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमच्या गावचा तलाव.
दिवाळीच्या सुट्टीनंतर नवीन निबंध. विषय ज्याचा त्यानं शोधायचा. आणि वर्गापुढे उभं राहून वाचायचा!! मेले. जुलैत मी 'का'ऐवजी "काऊन सर?" म्हणाले होते आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून 'प्रेझेंट सर' सोडून तोंड उघडलेलं नाही.

१३ ऑक्टो., मंगळ.
विषय शोधणे चालू. ताडोब्याचा वाघ: अर्धा वर्ग तोच लिहिणार, आणि पाहिला कोणीच नाही. कोळशाची खाण: आत कधी गेले नाही. मोहफुलं: वेचायला माय जाते, मी अंथरुणात असते. खोडलं. 'विज्ञान शाप की वरदान': दोन्ही. संपला निबंध.
माझ्या बंगाली रूममेटनं, शेफालीनं, दोन मिनिटांत ठरवला. तिच्या गावी, मुलचेऱ्याकडे, तिचे काका तळ्यात मासे पाळतात. मला म्हणते, "तू भी मछली पे लिख ले, मैं सब बता दूँगी." रूममेट असावी तर अशी. पण मग पुन्हा तेच, यात मी कुठे?

१७ ऑक्टो., शनि. घरी
चिमूरपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. लवकर पिकणारा हलका धान पिवळा पडलाय. दिवाळी आमच्या घरी नसते, मंडई असते. दिवाळीनंतर गावात दिवसभर जत्रा आणि रात्री नाटक. पाहुण्यांनी घर भरून जातं. मला मंडई दिवाळीपेक्षा शंभरपट आवडते. पोटभर झोपले.

१९ ऑक्टो., सोम.
ओसरीवर कागद घेऊन बसले. शेजारची कौशीबाई मायला विचारत होती, "पोट्टी काय करून राह्यली व?" माय ताठ मानेनं, "लिहून राह्यली." एवढंच बोलली माझी माय. एवढ्यावर काय रामायण होणार हे तिला तरी काय ठाऊक.

२० ऑक्टो., मंगळ.
सकाळी दारात माधवभाऊ आणि मागे अख्खं नाट्यमंडळ. माधवभाऊ म्हणजे आमच्या गावचा कायमचा हिरो. पन्नाशीचा झाला तरी हिरोच.
"किती प्रवेश झाले?"
"कायचे?"
"नाटकाचे! तू नाटक लिहून राह्यली न?"
आमच्या गावात लिहिणं म्हणजे नाटक. दुसरं काही लिहितात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी सांगितलं, नाटक नाही, निबंध.
"चालते. निबंधात कोन मरते?"
"कोनी नाई मरत भाऊ."
"मंग लोक रडतीन कवा?"
 वर कळलं की शेजारच्या गावाला सांगूनही झालंय, यंदा आमची कॉलेजची पोट्टी नवीन नाटक देणार. म्हणजे आता गावाची इज्जत माझ्या हातात! मला इतकं हसू आलं की पाणी प्यायला आत जावं लागलं.

२१ ऑक्टो., बुध.
तडजोड. नाटक जुनंच, मागच्या दोन मंडयांना झालेलं. मी फक्त एक नवा प्रवेश लिहायचा: शहरात शिकलेला मुलगा घरी येतो आणि बाप त्याला भेटतो. मुलाचं काम दुसऱ्याचं. बाप माधवभाऊ, पण बाप असला तरी हिरो. तिसऱ्या अंकात तलवार आहेच.
सूचना: १. कोणीतरी रडलं पाहिजे. २. नागपूरच्या हिरोईनला या प्रवेशात बोलायला देऊ नकोस, ती मंडईच्या दिवशीच येते, पाठ होत नाही.
निबंधाचं काय? एक ओळ नाही.

२३ ऑक्टो., शुक्र.
प्रवेश झाला. मजा आली! जुन्या नाटकात बाप म्हणतो, "हे पुत्रा, तुझ्या दर्शनाने माझे नेत्र तृप्त झाले." असं कोणता बाप म्हणतो? मी घरी आले तेव्हा बा म्हणाला होता, "लय वाळली व तू. काय खाऊ घालत नाईत का तुले तिथी?" तेच लिहून टाकलं. लिहिताना कुठे अडलेच नाही.

२५ ऑक्टो., रवि.
शाळेच्या ओट्यावर दुपारी तालीम. माधवभाऊनं कागद वाचला आणि फेकला.
"मी काय जोकर आहो? मले-तुले जोकर बोलते. हिरोले शुद्ध पाहिजे!"
बरं, हे तो आमच्याच भाषेत ओरडत होता. पण मला झोंबलं. वर्गातले हसले ते निराळे. इथे माझंच गाव म्हणत होतं की आपलं बोलणं हसण्यापुरतंच.
तेव्हा बानं कागद उचलला. बा मंडळाचा प्रॉम्प्टर. किती वर्षं झाली, विंगेत बसून सगळ्यांना वाक्यं पुरवतो, स्टेजवर कधी आलेला नाही. "मी वाचून दाखवतो, मंग ठरवा," म्हणाला. आणि वाचायला लागला. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. 'लय वाळला'वर सगळे हसले. मग पुढचं वाक्य आलं, "शहरात कोनी हसलं का रे तुले?"  कौशीबाईनं पदर डोळ्याला लावला. मायनंही. मी बाला वर्गातलं कधीच सांगितलं नव्हतं. प्रवेशात लिहिलं होतं फक्त. वाचता वाचता त्यानं माझ्याकडे पाहिलं. कळलं त्याला.
माधवभाऊनं नाक पुसलं. "राहू द्या हा प्रवेश. पन मी जरा जोरात म्हनीन."
आणि मला विषय मिळाला. बा!! सगळं नाटक ज्याला पाठ आहे आणि ज्याचा आवाज गावानं ऐकलेलाच नाही. घरी पळत आले.

२८ ऑक्टो., बुध.
निबंध झाला. नाव 'विंगेतला माणूस'. माझी वाक्यं शुद्ध, बाची जशीच्या तशी. एकदा त्याची वाक्यं शुद्ध करून पाहिली तर तो बाच राहिला नाही, कोणी तहसीलदार झाला. खोडून पूर्वीसारखी केली.

३१ ऑक्टो., शनि.
काल मंडई. सगळी रात्र नाटक, डोळे चुरचुरतात. थोडक्यात लिहिते.
माझ्या प्रवेशात माधवभाऊ विसरला. बानं विंगेतून वाक्य दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. बानं जोरात दिलं. तरी नाही. तिसऱ्यांदा बा असा ओरडला की मंडपभर गेलं, "कोनी हसलं का रे तुले?" लोकांनी विंगेकडे पाहून टाळ्या वाजवल्या! पहिल्यांदा. बा लाजून चूर. माधवभाऊ तिथेच उभ्या उभ्या म्हणाला, "हो, हेच म्हनत होतो मी." दुसऱ्या टाळ्या.
आज पाहुण्यांत सगळीकडे एकच चर्चा, विंगेतला कोन होता?

६ नोव्हें., शुक्र.
वाचायची तालीम. बा खाटेवर, मी समोर. रोज. आता त्याला माझा निबंध माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. स्वतःबद्दल ऐकताना आधी छताकडे पाहायचा, आता चुका काढतो. "इथी थांबजो. लोकाइले हसू दे, मंग पुढं जाजो."
मी विचारलं, मधेच अडले तर?
"अडली तं अडली. थांबलेला मानूस इचार करून राह्यला असं वाटते लोकाइले. घाबरला हे फक्त प्रॉम्प्टरले समजते."
"वर्गात प्रॉम्प्टर नाई राहत बा."
बा विडी शोधत बसला.

९ नोव्हें., सोम. चंद्रपूर
वाचन सुरू. वाघ चार. चौघांचेही डरकाळी फोडून झाडीत गेले. शेफालीनं मासे वाचले, झकास. सर खूश. माझा नंबर उद्या.
रात्री शेफालीला वाचून दाखवला. म्हणाली, "बहुत अच्छा है रे. लेकिन वो मले-तुले पे सब हसेंगे." मी म्हटलं, हसायच्या जागी हसले तर चालेल. 'कोनी हसलं का रे तुले' या बाच्या वाक्यावर हसले तर मात्र मी तिथेच रडेन. खरंच रडेन. अजूनही वाटतं, शाई घेऊन तेवढं शुद्ध करून टाकावं.

१० नोव्हें., मंगळ. वर्गात, मागचा बाक
घाईत. पाचवा वाघ चालू आहे. माझ्या आधी एकच मुलगा उरला.
पहाटेच्या गाडीनं बा आला!! तास सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात उभा, हातात चादर. "तुझी चादर राह्यली होती." चादर माझी नाही, मायची आहे. तेवढ्यासाठी हा माणूस चिमूरहून चंद्रपूरला आला! म्हटलं, आता जा, होस्टेलवर बस. "हो हो, जातो," म्हणाला.
गेलेला नाही. माझ्या बाजूच्या खिडकीशी, भिंतीच्या आडोशाला उभा आहे. विंगेत. दोन पोरं त्याच्याकडे पाहून हसली. बासुद्धा त्यांच्याकडे पाहून हसला.
  हसू आवरत नाही.
ते वाक्य तसंच ठेवलंय. शाई लावली नाही.
वाघ संपला. मधला मुलगा आज आलाच नाही. सर म्हणतात, "पुढचं कोण?"
खिडकीत पाहिलं तर बाचे ओठ हलायला लागले पण. थांब न बा. मले उठू तं दे.